जुन्या वळणाचे अक्षर आणि सत्याचा प्रश्न

वस्तू आजची असावी आणि तिच्या नावाचे अक्षर मात्र पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाचे असावे, ही आजच्या जाहिरातकलेतील रूढ पद्धत झाली आहे. त्या अक्षराने काही असत्य सांगितले असे म्हणता येते काय, हा तिच्यातून उभा राहणारा प्रश्न सौंदर्याचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे. मजकूर वाचण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अक्षरसंचाहून वेगळा, केवळ शीर्षक, पाटी किंवा बोधचिन्ह यांसाठी मोठ्या आकारात योजला जाणारा जो अक्षरसंच, त्याला डिस्प्ले फाँट म्हणतात. आणि शिळाछाप, खिळ्यांची छपाई, हाताने रंगवलेल्या पाट्या किंवा जुनी चित्रपट-पोस्टरे यांची आठवण मुद्दाम जागवणाऱ्या अशा संचाला रेट्रो म्हटले जाते. समाजमाध्यमांवर क्षणभर डोळ्यांसमोरून जाणाऱ्या जाहिरातीत ग्राहक बहुधा मजकूर वाचण्याआधी अक्षराचे वळण टिपतो, आणि म्हणूनच हे वळण त्याला काय सांगते याची तपासणी आवश्यक ठरते.

ही तपासणी पूर्णपणे कायद्यावर सोपवता येत नाही. ज्या जालन्याच्या संदर्भात हा विचार येथे मांडला आहे, त्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे ‘हे फळ या भूमीचे’ हा दावा नोंदवहीत तपासून मान्य झालेला आहे. पण ‘आमचा व्यवसाय जुना आहे’ असे केवळ अक्षराच्या आकाराने सूचित करणाऱ्या दाव्याची नोंद कोठेच होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, परंतु अक्षराचे वळण शब्दांत विधान न करताच आपले काम करून जाते. जे शब्दाने बोलले गेले नाही त्याच्या खरेखोटेपणाचा विचार करायचा तर तत्त्वज्ञानाकडेच वळावे लागते.

न्यायदर्शनाच्या, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या, परिभाषेत मांडल्यास जुने वळण पाहणारा ग्राहक एक अनुमान करतो: ‘हा व्यवसाय जुना आहे, कारण त्याचे अक्षर जुने आहे.’ अनुमान खरे ठरण्यासाठी हेतू, म्हणजे ज्याच्या आधारे निष्कर्ष काढला ती खूण, आणि साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, यांच्यात अव्यभिचारी संबंध असावा लागतो. त्याला व्याप्ती म्हणतात. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही, कारण न्यायग्रंथांत वारंवार येणाऱ्या उदाहरणातील तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालन्यात हे उदाहरण कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. खिळे ओतशाळेतून विकत आणावे लागत आणि छापखाना ते झिजेपर्यंत वापरी, त्या काळात अक्षराचे वय आणि छापखान्याचे वय यांच्यात पुष्कळसा खरा संबंध होता. संगणकावर मात्र युनिकोड ही संकेतपद्धती प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देते आणि त्या क्रमांकाला कोणते रूप द्यायचे हे फाँटची फाईल स्वतंत्रपणे ठरवते, त्यामुळे काल स्थापन झालेल्या उद्योगालाही शतकापूर्वीचे रूप क्षणात धारण करता येते. व्याप्ती अशी तुटली, तरी अनुमान करण्याची मनाची सवय टिकून राहिली. हेतू सव्यभिचार झाला, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळू लागला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बळकट आहे: सगळे अनुकरण म्हणजे फसवणूक नव्हे. नाट्यातून रस कसा निर्माण होतो हे सांगणाऱ्या भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातला घोडा पाहताना प्रेक्षकाला होणारे ज्ञान यथार्थ नसते, मिथ्या नसते, संशयाचे नसते आणि केवळ सादृश्याचेही नसते; ते या चारहींहून निराळे असते, आणि नटाला राम म्हणून पाहण्यातला आनंद त्यामुळेच शक्य होतो. ऐतिहासिक नाटकाच्या जाहिरातीत जुन्या वळणाचे शीर्षक आले, तर ते याच प्रकारात मोडते, कारण रंगभूमीची चौकट प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. दोष उद्भवतो तो ही चौकट काढून घेतल्यावर. मसाल्याच्या पाकिटावर किंवा बियाण्याच्या पिशवीवर तेच वळण आले की पाहणारा त्याला चित्रातला घोडा न मानता खराच घोडा मानतो, आणि त्या समजुतीवर पैसे व विश्वास दोन्ही टाकतो.

अक्षराच्या नीतीचा विचार जालना जिल्ह्याला परका नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी 1608 मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे. बाळबोध अक्षर, म्हणजे मोडीहून वेगळे असे देवनागरी वळण, कसे घटवावे, ओळी समान कशा राखाव्यात, काना, मात्रा, वेलांट्या स्पष्ट कशा असाव्यात, याचे बारकाईने मार्गदर्शन तेथे आहे. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने उतरल्यासारखे दिसावे, आणि पानाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये इतकी जागा भोवती सोडावी, हे त्यातील आग्रह विशेष अर्थपूर्ण आहेत. परमार्थाच्या ग्रंथात असा विषय यावा याचे कारण त्याच ग्रंथातील क्रियेच्या आग्रहात सापडते: जे बोलावे ते आचरणात दिसावे, आणि अक्षर हे लिहिणाऱ्याच्या आचरणाचे पहिले दृश्य रूप असावे. समर्थांची दृष्टी पुढे येणाऱ्या वाचकावर खिळलेली होती. अक्षर जुने दिसावे याची चिंता त्यांना नव्हती, ते टिकावे याची होती.

हीच वृत्ती मराठी मुद्रणाच्या उत्तम काळातही दिसते. जावजी दादाजी यांनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणूजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या कौशल्यामुळे त्याचे देवनागरी खिळे सुबकतेसाठी नावाजले गेले. त्या कारागिरांच्या लेखी पसरलेली शाई, तुटलेली कड आणि हललेला ठसा हे दोष होते, आणि ते टाळण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. आजचे अनेक रेट्रो फाँट नेमके हेच दोष हौसेने पुन्हा रचतात. पूर्वजांच्या कष्टांऐवजी त्यांच्या साधनांची झीज उचलली जाते. जुन्याकडे वळण्याची दुसरी, अधिक प्रामाणिक रीतही आहे. विल्यम मॉरिस यांनी 1891 मध्ये इंग्लंडात केल्म्स्कॉट मुद्रणालय सुरू केले तेव्हा पंधराव्या शतकातील व्हेनिसच्या छपाईवरून आपले अक्षर घडवले, पण त्याबरोबर हातकागद, शाई आणि हातछपाई यांची शिस्तही स्वीकारली. रूप उसने घेताना त्यामागची क्रियाही त्यांनी अंगीकारली.

जालन्याच्या संदर्भात आणखी एक प्रश्न उरतो, तो म्हणजे स्मरणात कोणाचा भूतकाळ आणला जातो हा. मराठीतील रेट्रो वळणे बहुतांशी मुंबईचे छापखाने, नाटके आणि चित्रपट यांतून आलेली आहेत, तर जालना सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जेथे राजभाषा उर्दू होती आणि मराठी हिशेब मोडीत लिहिले जात. मुंबईचे जुनेपण येथील पाटीवर आणले की या मिश्र लिपिजीवनाची स्मृती झाकली जाते, आणि ज्यांचे पूर्वज उर्दूत किंवा मोडीत लिहीत होते त्यांच्या वाट्याला स्वतःच्याच गावाच्या भूतकाळात जागा उरत नाही. स्मृती हीदेखील एक सामाईक ठेव आहे; तिची निवडक मांडणी करणाऱ्याने त्या निवडीची जबाबदारी घेतली पाहिजे.

या विवेचनावरून रेट्रो अक्षर त्याज्य ठरत नाही. जालन्यात 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या महिकोसारख्या बियाणे उद्योगाने आपल्या आरंभीच्या काळातील वळण पुन्हा वापरले, तर हेतू आणि साध्य यांचा मेळ बसतो. नव्या उद्योगाने आपले नवेपण स्थापनावर्षासह उघड सांगून जुने वळण आवडीने घेतले, तर चित्रतुरगाची चौकट शाबूत राहते. पण जेथे वय सांगण्याचे टाळून केवळ वळणाने ते सुचवले जाते, तेथे ग्राहकाच्या श्रद्धेचा गैरवापर होतो, आणि तो एकही खोटा शब्द न लिहिता होतो म्हणून कमी ठरत नाही. जाहिरातीचे अक्षर हे व्यवसायाचे पहिले अक्षर असते. मालाचा दर्जा, वजन, भाव आणि तक्रारीला दिलेले उत्तर ही त्याची पुढची अक्षरे होत. समर्थांची कसोटी येथे लावायची तर पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाचे निघाले पाहिजे, आणि ज्या व्यवसायाला ती उतरते त्याला आपले वय उसने घेण्याची गरज उरत नाही.