अनंतकाळ आणि आजचा दिवस

नजर स्वर्गाकडे लागली की माणूस दारातल्या भुकेल्याला विसरतो, असा आक्षेप घेतला जातो. कधी तसं घडतंही, हे मान्य करायला हवं. पण बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पाहा. पंधराव्या अध्यायात तो पुनरुत्थानाविषयी उत्कटतेनं लिहितो आणि सोळाव्याच्या आरंभीच, यरुशलेमेतल्या बांधवांसाठी दर आठवड्याला काही बाजूला काढून ठेवा, असं सांगतो. मृत्यू हा शेवट नसेल, तर दिलेलं बुडत नाही; मग साठवण्याची भीती कमी होते आणि हात सैल सुटतो.

अनंतकाळावरची श्रद्धा आणि आजची सेवा अशी एकत्र नांदताना आपल्याकडेही दिसते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आसरा दिला. केडगावला त्या मुली लिहायला-वाचायला आणि हातचे हुन्नर शिकल्या. याच रमाबाई १९२२ मध्ये निधन होईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या.