काढा तपासणाऱ्यांसाठी

देवा, आफ्रिकेतल्या माली देशात पाऊस लागला की मागोमाग हिवताप येतो आणि आधी लहान लेकरांना गाठतो. 2023 साली जगभरात या तापाने सुमारे 5 लाख 97 हजार जीव गेले. शंभरातले पंच्याण्णव आफ्रिकेतले, आणि त्यांतही बहुतेक पाच वर्षांच्या आतले. हा आकडा तुझ्यापुढे उच्चारताना जीभ जड होते. तू तर त्यांतल्या एकेकाला नावाने ओळखतोस.

आज मागणं आहे ते झाडपाल्याची पारख करणाऱ्यांसाठी. नेहमीची रीत अशी की पाल्याचा अर्क आधी काचेच्या बशीत वाढवलेल्या हिवतापाच्या परजीवींवर घालायचा, मग उंदरावर, आणि माणसाची पाळी सगळ्यात शेवटी. मालीत काम करणाऱ्या संशोधकांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. ते घरोघर गेले आणि विचारलं, ताप आला तेव्हा काय दिलंत, आणि आजारी माणूस बरा झाला का? लोकांनी 66 वनस्पती सांगितल्या. त्यांत उजवा ठरला तो पिवळ्या धोत्र्याचा काढा. होय देवा, आमच्या महाराष्ट्रात पडीक रानात, रस्त्याच्या कडेला माजतो तोच काटेरी, पिवळ्या फुलांचा धोत्रा! मूळचा मेक्सिकोकडचा, पण मालीतल्या वैद्यांनी त्याला आपल्या औषधांत घेतलं. लोकांच्या अनुभवाला आधी कान देण्याची ही नम्रता सगळ्या प्रयोगशाळांना दे.

आणि भीतीही दे. याच झाडाच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं तेव्हा 1998 साली दिल्लीत माणसं अंगावर सूज येऊन मेली. पाला वेगळा, बी वेगळं, हे खरं. तरी काढा उकळणाऱ्याच्या हाताला हा फरक कधी विसरू देऊ नकोस.

पुढे 301 रुग्णांवर कसोटी झाली. काहींना आधी काढा दिला, काहींना हिवतापावरची आर्टेमिसिनिनची संयुक्त औषधं. दुसरं औषध द्यावं लागलं नाही असे काढ्याच्या गटात 89 टक्के निघाले, दुसऱ्या गटात 95. त्याआधीच्या पाहणीत ताप उतरला तरी बहुतेकांच्या रक्तातून परजीवी पुरते गेले नव्हते. देवा, हे सगळं जसंच्या तसं सांगण्याचं बळ दे. आपल्या पूर्वजांचं म्हणून कोणी त्या सहा टक्क्यांच्या फरकावर पांघरूण घालू नये, आणि खेड्यातला पाला म्हणून कोणी त्या एकोणनव्वदांकडे पाठ फिरवू नये. मला दुसऱ्या चुकीची धास्ती जास्त वाटते, कारण ती करणाऱ्याला ती विद्वत्ता वाटते.

ज्या वैद्यांनी पाला कधी तोडायचा, किती उकळायचा हे मोकळ्या मनाने दाखवलं, त्यांचं नाव आणि त्यांचा वाटा कोणी गिळू नये. जिथे गोळ्या वेळेवर पोचत नाहीत, त्या गावाच्या परसात हे झाड तरारून येऊ दे.

आणि काढा पाजूनही ताप हटला नाही, पोराला झटके येऊ लागले, तर त्या आईला काढ्याच्या भरवशावर रात्र काढू देऊ नकोस. तिला लगेच दवाखान्याची वाट धरू दे, वाटेवरचं पाणी ओसरू दे, आणि दवाखान्याच्या कपाटात त्या दिवशी औषध असू दे.