पत आणि श्रद्धा

'क्रेडिट' हा इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचे परकेपण जाणवेनासे झाले आहे. परंतु तोच शब्द मराठीत उतरवू गेल्यास एका शब्दाने भागत नाही. हिशेबनिसाच्या कीर्दीत तो 'जमा' होतो, सावकाराच्या पेढीवर 'पत', वाण्याच्या दुकानी 'उधारी', विद्यापीठाच्या दप्तरी 'श्रेयांक', आणि एखाद्या सत्कृत्याचा मान कोणाकडे जातो हे ठरविताना 'श्रेय'. धन, अब्रू, विद्या आणि पुण्य ही चारही एका शब्दाच्या पोटी का नांदतात, याचा शोध घेऊ लागले की बाजारपेठेतून निघालेली वाट यज्ञमंडपापाशी येऊन थांबते.

हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमार्गे आला आणि त्याचे मूळ 'क्रेदेरे' या लॅटिन क्रियापदात आहे. रोमन गृहस्थ मित्राच्या हाती रक्कम सोपवी तेव्हा हेच क्रियापद वापरी, आणि मित्राच्या शब्दावर विसंबे तेव्हाही हेच. ख्रिस्ती उपासनेतील लॅटिन श्रद्धावचनाचा आरंभ त्याच्याच 'क्रेदो' या प्रथमपुरुषी रूपाने होतो. तुलनात्मक भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे की हे 'क्रेदो' आणि आपली 'श्रद्धा' एकाच कुळातली आहेत. कारण लॅटिनमध्ये जेथे 'क' तेथे संस्कृतात अनेकदा 'श' येतो, जसे 'केंतुम' आणि 'शतम्', 'देकेम' आणि 'दश'. 'श्रद्' या पूर्वपदाविषयी मात्र एकमत नाही: निघंटू या वैदिक शब्दसंग्रहाने ते सत्यवाचक नामांत गणले, एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय पंडितांनी त्यात 'हृदय' पाहिले, तर भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी त्या व्युत्पत्तीविषयी शंका घेतली. 'धा' या उत्तरपदाबद्दल मात्र वाद नाही. त्याचा अर्थ 'ठेवणे'. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील बाराव्या सूक्तात ही दोन्ही पदे अजून अलग उभी आहेत, आणि ज्या इंद्राच्या अस्तित्वाविषयीच लोक शंका घेतात त्याच्यावर 'श्रद्' ठेवा, असे तेथे सांगितले आहे.

श्रद्धा म्हणजे एखादे विधान खरे मानणे, की आपले काही दुसऱ्याच्या हाती ठेवणे, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मला ग्रंथाआधी एका वहीत दिसले. आमच्या लहानपणी गावच्या वाण्याकडे लाल कापडी बांधणीची उधारीची वही असे. माथ्यावर 'श्री', खाली नाव, तिथी, 'गूळ पावशेर' आणि रक्कम. घेणाऱ्याची सही नाही, साक्षीदार नाही, तारण नाही. पण टाक दौतीत बुडविण्यापूर्वी तो वृद्ध वाणी 'यंदा जोंधळा कसा आहे?' असे विचारल्यावाचून राहत नसे, उत्तर ऐकून क्षणभर माणसाच्या तोंडाकडे पाही, आणि मगच लिही. त्या पाहण्यात चौकशी होती, आणि लिहिण्यात चौकशीने न भरून निघणारे अंतर स्वतःच्या जबाबदारीवर ओलांडण्याची तयारी होती. भरपूर तारण आणि भक्कम जामीन घेतल्यावर पतीचे काम उरत नाही. तसेच संपूर्ण प्रमाण हाती आल्यावर श्रद्धेचेही उरत नाही.

म्हणूनच श्रद्धा आणि प्रश्न यांना परस्परांचे वैरी समजण्याची आपली सवय मला घातक वाटते. कठोपनिषदातील नचिकेताच्या ठायी श्रद्धेने प्रवेश केला तो प्रसंग पाहावा: पिता यज्ञात दुधाला आटलेल्या, थकलेल्या गाई दान देत होता, आणि ते पोकळ दान पाहून अस्वस्थ झालेल्या त्या कुमाराने 'मला कोणाला देणार?' असे पुनःपुन्हा विचारले. अंगी श्रद्धा संचारताच तो मुका झाला नाही, विचारू लागला. आणि पित्याने संतापून दिलेले उत्तर प्रमाण मानून त्याने स्वतःला मृत्यूच्या दारी ठेवले. जो विचारतो पण काहीच पणाला लावत नाही त्याची जिज्ञासा अपुरी, आणि जो न विचारता सर्वस्व टाकतो त्याची श्रद्धा आंधळी.

एक गोष्ट मात्र सावकारीला श्रद्धेपासून वेगळी करते, आणि ती म्हणजे वसुली. मुदत घालून आणि परतफेड ठरवून देवाला बोललेला नवस हा कर्जखताचाच प्रकार होय, मग त्यावर कितीही हळदकुंकू वाहिलेले असो. तुकोबांच्या घरी पिढीजात सावकारी होती. चरित्रकार सांगतात की त्यांनी निम्मी खते धाकट्या भावासाठी, कान्होबासाठी, राखून आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. त्या पाण्यात देणेकऱ्यांची नावे विरघळली, व्याज विरघळले, मागण्याचा हक्क विरघळला. लोकांच्या हाती एकदा विश्वासाने ठेवलेले मात्र ठेवलेलेच राहिले. आणि 'श्रद्धा' या शब्दातील 'धा' मला तेथे, त्या नदीकाठी, पुरता कळतो.