सरावलेली नजर आणि मूल्यनिर्णय

परभणी जिल्ह्यातील धारासूर (तालुका गंगाखेड) येथे गोदावरीकाठी गुप्तेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे उन्हात लख्ख दिसतात. मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना मात्र प्रकाश उणावत जातो. भर दुपारी बाहेरून आत आलेल्याला प्रथम काहीच दिसत नाही. त्या क्षणी तो ‘येथे काही नाही’ असे म्हणाला, तर ते विधान गाभाऱ्याविषयीचे मानावे की त्याच्या डोळ्यांविषयीचे?

शरीरशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. बाहुली क्षणार्धात विस्फारू लागते. परंतु तिचा व्यास २ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटरपर्यंत वाढला, तरी आत येणारा प्रकाश १६ पटच होतो. खरे कार्य दृष्टिपटलावर चालते. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे १० मिनिटांत आपली मर्यादा गाठतात. दंडपेशींतील ऱ्होडोप्सिन हे द्रव्य पूर्ववत होण्यास अर्धा तास किंवा अधिक काळ लागतो. उलट, अंधारातून उजेडात आलेला डोळा काही मिनिटांतच स्थिरावतो. ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात प्लेटोने हा दुहेरी गोंधळ नोंदवला आहे. तो जाणणारा मनुष्य चाचपडणाऱ्याला हसत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

समीक्षकाने निर्णयाची घाई करू नये, हा बोध यातून सहज निघतो. पण तो अपुरा आहे. डोळे सरावण्यातही काही गमवावे लागते. दंडपेशींना रंग कळत नाहीत. शिवाय डोळा प्रकाशाची राशी मोजत नाही, भोवतालातील भेद टिपतो. त्यामुळे सराव झाल्यावर अंधार किती आहे याचे भान उरत नाही.

याच तालुक्यातील गंगाखेड ही परंपरेनुसार संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या या कवयित्रीच्या अभंगांत दळण-कांडण आहे आणि त्या कामाला हातभार लावणारा विठ्ठलही आहे. भक्तीच्या प्रकाशाला सरावलेल्या वाचकाला जात्याशी बसलेला देव दिसतो. ते दळण जनीच्याच वाट्याला का आले, हा प्रश्न दिसत नाही. दास्य हे त्याच्या लेखी भक्तीचे केवळ एक रूपक होऊन बसते. याउलट, दास्याच्या अंधाराला सरावलेल्या वाचकाला कष्ट नेमके दिसतात. पण विठ्ठलावर रागावण्याचाही अधिकार सांगणाऱ्या त्या सख्याचे रंग त्याला पारखे होतात. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या डोळ्यांची अवस्था कवितेचा गुणधर्म म्हणून सांगत असतो.

डोळ्यांचे सरावणे ऐच्छिक नसते. म्हणून त्याबद्दल कोणास दोष देता येत नाही. सरावलेल्या जागीच थांबणे मात्र ऐच्छिक असते आणि नैतिक जबाबदारी तेथून सुरू होते. ज्याला जनाबाईंविषयी निर्णय द्यावयाचा आहे, त्याला आत-बाहेर पुन्हा पुन्हा जावे लागेल आणि प्रत्येक वेळी काही काळ आंधळे होणे पत्करावे लागेल. ते टाळणारा वाचक रसिक असू शकेल. पण दुसऱ्याच्या दास्याला त्याची नजर कधी सरावली, हे त्याचे त्यालाही कळणार नाही.