एवढं हात जोडायला काय जातं?



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक २१

थोडक्यात भावार्थ असा. भक्त ज्या कुठल्या रूपाची श्रद्धेने पूजा करू पाहतो, त्याच रूपावरची त्याची श्रद्धा भगवंत पक्की करतात.

चिंतन

हा श्लोक आपण भराभर वाचून पुढे जातो. आज जरा थांबू या. इथे भगवंत ‘मी चालवून घेतो’ असं म्हणत नाहीत. ‘त्याला हळूहळू माझ्याकडे वळवून घेतो’ असंही म्हणत नाहीत. समोरच्याची श्रद्धा जिथे आहे तिथेच ती घट्ट करण्याचं काम ते स्वतःकडे घेतात. ज्याच्या हाती सगळी सत्ता आहे, तो दुसऱ्याच्या श्रद्धेशी कसा वागतो, हे या एका श्लोकात कळतं.

आता हा श्लोक घेऊन आपल्या कामाच्या जागी जाऊ.

माझं आजोळ भोर तालुक्यातलं. तिकडची निम्मी तरुण पोरं हायवेच्या कडेच्या कारखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिथे काय थाट असतो ते तुम्हाला माहीतच आहे. मशीन धुऊनपुसून लख्ख, झेंडूची तोरणं, हळदकुंकू, नारळ, पेढे. माझा मामेभाऊ अशाच एका ठिकाणी आहे. त्याच्या शिफ्टला एक बौद्ध सहकारी आहे. त्या दिवशीही तो सगळ्यांच्या आधी येतो, स्वतःचं मशीन पुसतो, तेलपाणी करतो. आरती सुरू झाली की मात्र बाजूला उभा राहतो. एका वर्षी सुपरवायझर सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, “एवढं हात जोडायला काय जातं रे तुझं?”

बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर आपण द्यायला हवं. हात जोडायला काय जातं?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. हिंदू देवतांची उपासना करणार नाही, ही त्यांतल्या पहिल्या काही प्रतिज्ञांमधली गोष्ट आहे. म्हणजे आपल्याला जे ‘नुसते हात जोडणं’ वाटतं, तो त्याच्यासाठी दिलेला शब्द मोडणं आहे. एकादशीला कुणी आपल्या ताटात आग्रहाने भात वाढला आणि ‘एक घास खायला काय जातं?’ म्हणाला, तर आपल्याला काय वाटेल? घास छोटाच असतो, पण व्रत पूर्ण मोडतं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात, तिसऱ्या श्लोकात, भगवंत सांगतात की माणूस श्रद्धेचाच बनलेला आहे. जशी श्रद्धा, तसा तो. हे खरं मानलं तर ‘तुझा धर्म गेटबाहेर ठेवून आत ये’ असं कुणाला सांगता येणार नाही. डबा आणि हेल्मेट बाहेर ठेवता येतं. श्रद्धा बाहेर ठेवायची तर माणूसच बाहेर ठेवावा लागेल.

इथे अजून एक बारीक गोष्ट आहे. काही जण फार प्रेमाने म्हणतात, “अरे, तू मशीन एवढं मनापासून साफ केलंस ना, तीच तुझी पूजा झाली!” ऐकायला गोड आहे. पण त्याने ती पूजा म्हणून केलेली नाही. त्याच्या कामाला आपल्या देवघरातलं नाव देऊन आपण त्याला गुपचूप आपल्या रांगेत उभं करतो. त्यापेक्षा ‘काम एक नंबर झालंय’ एवढं म्हणावं. पेढा पुढे करावा. त्याने घेतला तर आनंद, नाही घेतला तरी आनंद. आणि कारण विचारू नये.

राजगडाखाली उभं राहून

वेल्ह्याचा आता राजगड तालुका झालाय. राजगड ही सुमारे पंचवीस वर्षं शिवरायांची राजधानी होती. आपण तिथे ट्रेकला जातो, पद्मावती माचीवर फोटो काढतो. पण राजधानी म्हणजे शेवटी कामाची जागाच की! तिथे पगार होते, हुद्दे होते, हजेरी होती. मग तिथे कामाला कोण होतं?

पायदळाच्या पहिल्या सरनोबताचं नाव नूरबेग. पुढे ती जबाबदारी भोरजवळच्या भुतोंड्याच्या येसाजी कंकांनी सांभाळली. म्हणजे याच मावळातली माणसं आधी नूरबेगच्या हुकमात आणि मग येसाजींच्या हुकमात लढली. काझी हैदर फारसीचा कारभार आणि वकिली पाहत. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. आरमारात दौलतखान होता.

कुणी म्हणेल, ‘कामाची माणसं होती म्हणून ठेवली.’ असेल. कामापुरतं घेणं आणि मनापासून सामावून घेणं यांत फरक असतोच. म्हणूनच मला खाफीखानाची साक्ष मोलाची वाटते. हा मुघलांचा इतिहासकार शिवरायांचा कट्टर विरोधक होता, त्यांच्याबद्दल त्याने भरपूर विखारी लिहिलंय. तरीही तो नोंदवतो की मशिदीला, कुराणाला आणि स्त्रियांना धक्का लागू नये असा महाराजांचा नियम होता. कुराणाची प्रत हाती लागली, तर ती आदराने ठेवली जाई आणि महाराज ती आपल्याकडच्या एखाद्या मुसलमान चाकराला देत.

लढाईच्या धामधुमीत मिळालेली पोथी ज्याची श्रद्धा तिच्यावर आहे, त्याच्याच हातात द्यायची! सातव्या अध्यायातला एकविसावा श्लोक आचरणात आणला तर तो असाच दिसेल, असं मला वाटतं. आणि हे करणारा राजा स्वतःची भक्ती लपवत नव्हता. राजगडावर पद्मावतीचं मंदिर आहे, शेजारच्या तोरण्यावर मेंगाई आहे. आपली देवी आपल्या जागी आणि चाकराचं कुराण चाकराच्या हातात. दोन्ही एकाच राज्यात.

‘मग ऑफिसात गणपतीच बसवायचा नाही का?’

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहितो. बसवा की! सगळ्यांची श्रद्धा पुसून भिंती कोऱ्या केल्या म्हणजे जागा आपुलकीची होते असं नाही. फक्त दार उघडं ठेवा. आत यायला आणि बाहेर जायलाही. वर्गणीची यादी नोटीसबोर्डावर लावून ‘कोण राहिलं?’ असं ओरडू नका. आरतीचं तबक हातात कोंबू नका. सत्यनारायणाच्या पूजेला न आलेल्याचं नाव अप्रेझलच्या वेळी कुणाच्या डोक्यात राहू नये.

अजून एक खोल शंका आहे. याच अध्यायात दोन श्लोक पुढे भगवंत सांगतात की इतर देवतांच्या भक्तांना मिळणारं फळ मर्यादित असतं. मग ते आपलंच श्रेष्ठ म्हणतात ना? हो, म्हणतात. आणि मला वाटतं, श्लोकाची खरी ताकद इथेच आहे. त्यांचं स्वतःचं मत ठाम आहे, तरीही ते समोरच्याची श्रद्धा हलवत नाहीत, उलट पक्की करतात. म्हणजे दुसऱ्याला जागा देण्यासाठी आपली निष्ठा पातळ करावी लागत नाही. सगळे धर्म एकच आहेत हे पटल्यावरच शेजारच्या डेस्कवरच्या माणसाशी नीट वागायचं, अशी अट भगवंतांनीही घातलेली नाही. आपण कोण घालणारे?

थोडं व्यवहाराचं. दुकानं आणि ऑफिसांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. आता आठवून बघा, आपल्याकडे ही यादी ठरताना ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा किंवा संवत्सरी पाळणाऱ्या कुणाला विचारलं होतं का?

रमजानचंही तसंच. आपल्याकडे अधिक महिना येऊन सण पुन्हा आपापल्या ऋतूत बसतात. हिजरी वर्षात तशी सोय नाही, त्यामुळे रमजान दर वर्षी दहाअकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणजे रोजा सोडायची वेळ दर वर्षी नव्याने बघावी लागते. नेमकी त्याच वेळी रिव्ह्यू मीटिंग लावायची नाही, यात कंपनीचा एक पैसाही जात नाही. जिथे चोवीस तास काम चालतं, तिथे लक्ष्मीपूजनाची शिफ्ट एकाने घ्यायची, ईदची दुसऱ्याने. काम थांबत नाही आणि दोन्ही घरांत दिवा लागतो.

मर्यादा एकच. श्रद्धेच्या नावाखाली दुसऱ्याला हिणवायचं नाही, कुणाच्या हातचं पाणी टाळायचं नाही, कामाच्या वेळेत कुणाच्या मागे प्रचाराचा लकडा लावायचा नाही. हा नियम आपल्यालाही तितकाच लागू.

आणि आपण वारकऱ्यांनी तर हे लगेच समजून घ्यायला हवं. आषाढात दोन दिवस वारीत चालायला रजा मागताना मॅनेजरच्या चेहऱ्याकडे आपण कसे बघतो! तो हसून ‘जाऊन या’ म्हणाला की केवढं हलकं वाटतं. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते, मग पुढची वाट. वाट पंढरीचीच असते, पण शेजाऱ्याच्या दारात थांबल्याने तिला उशीर झाला असं कुणीही वारकरी म्हणत नाही.

आजची साधना

आज ऑफिसात आपल्यापेक्षा वेगळ्या श्रद्धेच्या एका सहकाऱ्याला एवढंच विचारा: “तुझ्याकडे मोठा दिवस कोणता? त्या दिवशी तुझं काम मी बघू का?” उत्तर मिळालं की तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा आणि त्या दिवशी शब्द पाळा.

हे भगवंता, माझी श्रद्धा तुझ्या पायाशी घट्ट राहू दे. आणि माझ्यामुळे कुणाची श्रद्धा डळमळू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!