सान्निध्याचे ऋण

राजकीय वृत्तपत्रकाराने सत्ताधाऱ्यापासून किती अंतर राखावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शिष्टाचाराचा मानला जातो. वस्तुतः तो नैतिक आहे. दूर राहिल्यास निर्णयामागील हालचाली कळत नाहीत. जवळ गेल्यास कळलेले सांगताना लेखणी अडखळते.

‘केसरी’तील लेखनासाठी टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले झाले, तेव्हा हा पेच उद्भवण्याचे कारण नव्हते. सत्ता परकी होती आणि संपादक स्वतःच लोकनेता होता. १९४७ नंतर मात्र कालचे सहकारी सत्तास्थानी आले, आणि विरोधाला सरावलेल्या लेखणीला प्रथमच स्नेहाशी सामना करावा लागला.

या संदर्भात व्यंगचित्रकार शंकर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांचे ‘शंकर्स वीकली’ १९४८ मध्ये निघाले. मलाही सोडू नका, असे नेहरूंनी त्यांना सांगितल्याचे सर्वश्रुत आहे. १९३७ मध्ये ‘चाणक्य’ या टोपणनावाने ‘मॉडर्न रिव्ह्यू’त स्वतःच्याच हुकूमशाही प्रवृत्तीविषयी सावध करणाऱ्या नेत्याला ते शोभणारेच होते. शंकर यांनीही नेहरूंची गय केली नाही. तथापि राज्यकर्त्याचे औदार्य हा त्याचा व्यक्तिगत गुण होय. तो त्याच्याबरोबर जातो. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि त्याच वर्षी हे साप्ताहिक बंद झाले. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने त्या जूनमध्ये अग्रलेखाची जागा कोरी सोडली. तो कोरेपणा कोणाच्या अनुमतीवर अवलंबून नव्हता, म्हणूनच तो बोलका ठरला.

मग स्नेह वर्ज्य मानावा काय? तसे म्हणता येणार नाही. मात्र पत्रकार आणि पुढारी यांच्या प्रत्येक संभाषणात एक तिसरा पक्ष अनुपस्थित असतो. तो म्हणजे वाचक. पत्रकाराला तेथे आसन मिळते ते त्या वाचकाच्या वतीने. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राखणे हे वचनपालन होय. परंतु पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून लोकहिताशी निगडित तथ्यच दडवणे हा सौदा होय, आणि त्यात पत्रकार जे देऊन टाकतो, ते मुळात त्याचे नसतेच.

प्रतिपक्षाविषयी जे आपण निःसंकोच लिहिले असते, ते स्नेह्याविषयीही लिहू काय, हा प्रश्न त्याने स्वतःला लेखनापूर्वी विचारावा. उत्तर देताना मन कचरले, तर स्नेहाचे ऋणात रूपांतर झाले आहे, असे समजावे.