आधी सिद्धी, मग उपपत्ती

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तुरी अजून बाजारातच आहेत. वरण कसे करावे यावरून मात्र घरात हाणामारी! इंधनावाचून चालणाऱ्या यंत्रांविषयीचे वाद वाचताना आम्हाला ही म्हण हटकून आठवते. यंत्र चालते हे कोणी सिद्ध केलेले नसते. ते कोणत्या शक्तीने चालते यावर मात्र ग्रंथ लिहिले जातात.

हे आठवण्यास कारण घडले ते असे. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या समितीने एक करारनामा आमच्याकडे तपासावयास पाठविला. तेल, वारा, ऊन यांपैकी काहीही न लागता, एकदा सुरू केले की अखंड चालून साऱ्या देवळाला वीज पुरवील असे जनित्र एक गृहस्थ देऊ करीत होते. निम्मी रक्कम आगाऊ द्यावयाची. आणि यंत्राची पेटी कोणी उघडावयाची नाही, असे कलम होते. समितीत दोन तट पडले होते. एक म्हणे, ही चुंबकाची शक्ती. दुसरा म्हणे, हे आकाशतत्त्व. यंत्र चालते काय, हे मात्र कोणीच विचारले नव्हते. आम्ही विचारले तेव्हा एक वृद्ध महाजन कळवळून म्हणाले, “वकीलसाहेब, कुठेतरी श्रद्धा ठेवावीच लागते ना?”

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पुरावा मागणे म्हणजे अश्रद्धा काय?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी जॉन कीली नावाच्या मनुष्याने १८७२ साली एक नवी शक्ती सापडल्याचे जाहीर केले. तिच्यासाठी कंपनी निघाली, भागभांडवल जमले. आरंभी तो म्हणे, शक्ती पाण्यातून निघते. पुढे म्हणू लागला, ती ईथरच्या कंपनांतून निघते. नादकाटे आणि वाद्ये वाजवून तो यंत्र सुरू करून दाखवी. क्लारा ब्लूमफील्ड मूर या धनाढ्य विधवेने वर्षानुवर्षे त्याला पैसा पुरविला. मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८८८ च्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ ग्रंथात त्याच्या शक्तीचा संबंध प्राचीन गूढविद्येशी जोडला. त्याच वर्षी न्यायालयाचा आदेश असूनही यंत्राचे रहस्य उघड न केल्याबद्दल कीलीला तुरुंगाची वारी घडली; पुढे वरिष्ठ न्यायालयाने तो आदेश रद्द केला. १८९८ साली कीली वारला; विकता येण्याजोगे एकही यंत्र तोवर निघाले नव्हते. मग मूरबाईंच्या पुत्राने त्याचे घर भाड्याने घेऊन तपासविले. तळघरात सुमारे तीन टनांचा पोलादी गोल मिळाला आणि बारीक नळ्याही सापडल्या. ही दाबलेल्या हवेची करामत, असा तपासणाऱ्यांचा निष्कर्ष झाला. तरीही कीलीच्या शक्तीची उपपत्ती लावणारे आजही आहेत!

आपले पूर्वजही या मोहापासून दूर नव्हते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेले, आपोआप फिरणारे चाक वर्णिले आहे. आचार्यांविषयी आमचा आदर तिळभरही उणा नाही. पण पारा कसाही सरकला तरी त्याचा गुरुत्वमध्य शेवटी आसाच्या खाली येऊन स्थिरावतो, आणि चाक थांबते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? ऊर्जेचा सारा नियम या एका म्हणीत आहे.

यावर कोणी म्हणेल, नियम मनुष्यानेच काढले. उद्या ते बदलतील. बदलोत. पण ते बदलले हे सांगणाऱ्याने दाखवावे. विधान करील त्याने ते शाबीत करावे, हे तत्त्व ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते. २०२४ साली त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही ते तसेच आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली अखंडगती यंत्रांचे प्रस्ताव तपासणेच बंद केले, आणि कारण देताना अशा खटाटोपाने कुटुंबे धुळीस मिळाल्याचाही उल्लेख केला. हा विचार केवळ शास्त्राचा नाही, नीतीचाही आहे.

आणि श्रद्धा? आपल्या शास्त्रकारांनी दृष्ट फळ आणि अदृष्ट फळ असा भेद केला आहे. मोक्ष हे अदृष्ट फळ. तेथे श्रद्धा हाच आधार. दिवा लागतो की नाही हे दृष्ट फळ. तेथे डोळे मिटणे ही श्रद्धा नव्हे, तो आळस होय. शिवाय स्वतःच्या पैशाने मनुष्याने वाटेल त्यावर विश्वास ठेवावा. ते त्याचे स्वातंत्र्य आहे. देवस्थानाच्या पेटीतला पैसा मात्र कोणा म्हातारीने मुठीत आवळून आणलेला असतो. तिच्या श्रद्धेच्या जोरावर आपण आपला भोळेपणा चालवावा, याला धर्म म्हणता येणार नाही.

आम्ही करारनाम्यात एकच दुरुस्ती सुचविली: बाहेरून वीज येण्याचा मार्ग नाही अशा बंद खोलीत, आमच्या अभियंत्यासमोर, यंत्र भार घेऊन एक महिना चालावे, मग पेटी उघडू नये, पैसे पूर्ण द्यावेत. वृद्ध महाजनांनीच ती मोठ्याने वाचून दाखविली आणि खाली पहिली सही केली.

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. एवढ्यावरून ते लबाड होते असे आम्ही म्हणणार नाही. तेही सिद्ध झालेले नाही.